आजचा संदर्भ : आजी

माझ्या नातीचे पणजोबा कचेरीत हेडक्लार्क होते आणि लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून देत. तिचे आजोबा, म्हणजे आमचे हे, चौतीस वर्षे शाळेत इंग्रजीचे व्याकरण शिकवीत. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, भाषांतर विभागात बसून इंग्रजी कागदांचे मराठी कागद करतो. तीन पिढ्या इंग्रजीवर जेवल्या, पण तिघांपैकी एकाच्याही तोंडून इंग्रजीचे सलग वाक्य बाहेर पडलेले मी ऐकले नाही. आमच्या घरात ती भाषा चांदीच्या ताटासारखी होती. वर्षातून दोनदा घासायची, पाहुण्यांना दिसेल अशी मांडायची, आणि जेवायचे मात्र स्टीलच्या ताटात.

नातीने ते ताट रोजच्या वापराला काढले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, चार ते सहा, आमच्या पुढच्या खोलीत ती नोकरदार माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. तेसुद्धा सगळे इंग्रजी नाही. तिचा सारा भर त्या भाषेतल्या जोडक्रियांवर. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्याच 'पुट'च्या शेपटीला 'आउट' बांधले की दिवा विझतो, 'ऑफ' बांधले की आजचे काम उद्यावर जाते, आणि 'अप विथ' अशी दोन दोन शेपटे लावली की सगळे मुकाट्याने सोसावे लागते. एका क्रियापदाने इतके संसार मांडावेत हे मला पटत नव्हते. आमच्या ह्यांना तर असली क्रियापदे रस्त्यावरची वाटत. त्यांच्या वहीत दिवा विझत नसे, त्याचे 'एक्स्टिंग्विश' होत असे.

नातीची पद्धत आणखी विचित्र. यादी नाही, पाठांतर नाही. "यादी पाठ केली की यादीच आठवते, काम आठवत नाही," असे ती म्हणते. तिचा नियम एकच : जो शब्द बोलायचा ती कृती त्या क्षणी हाताने झाली पाहिजे. 'वाइप डाऊन' शिकायचे तर फडके घेऊन टेबल पुसायचे, 'टेक डाऊन' शिकायचे तर पडदे उतरवायचे, 'पुट अवे' शिकायचे तर पसरलेल्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. तीन महिन्यांत आमच्या घराच्या खिडक्या आरशासारख्या झाल्या. अशा शिक्षणाला माझा तात्त्विक विरोध होता. मात्र माळा आवरून होईपर्यंत तो विरोध मी लांबणीवर टाकला.

विद्यार्थी तीन. एक नर्स, एक टॅक्सीवाला, आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री, सत्तावन्न वर्षांचे. एका मंगळवारी नातीने मला आतून हाक मारली.

"आजी, बाहेर ये. आज तू संदर्भ आहेस."

"मी काय आहे?"

"संदर्भ. 'लुक आफ्टर' शिकवायचंय. कुणाची तरी काळजी घ्यायला नको का? तू नुसती खुर्चीत बस."

"नुसतं बसायला मला येत नाही."

"मग तेही शीक आज. इथे सगळे शिकायलाच येतात."

'संदर्भासहित स्पष्टीकरण' तपासणाऱ्या माणसाशी संसार केला, आणि म्हातारपणी स्वतःच संदर्भ होऊन बसले. नर्सने माझ्या पाठीशी उशी दिली आणि रक्तदाब पाहिला. टॅक्सीवाल्याने पाणी आणले आणि इंग्रजीत विचारले की आणखी काय करू. मी मराठीत सांगितले की, गप्प बस. मिस्त्रींनी काहीच विचारले नाही. माझी खुर्ची वर्षभर करकरत होती. त्यांनी मला हाताने खूण करून उठवले, खुर्ची उलटी केली, खिशातून तेलाची कुपी काढली, दोन स्क्रू आवळले, आणि खुर्ची पुन्हा सरळ ठेवली.

"छान!" नात म्हणाली. "आता बोला, मिस्त्री. 'आय ॲम लुकिंग आफ्टर...'"

मिस्त्रींचे ओठ हलले. शब्द काही आला नाही.

"ह्यांचे हात बोलतात मॅडम," टॅक्सीवाला म्हणाला. "तोंडाला मात्र कुलूप."

"आणि किल्ली कंपनीकडे," नर्सने पुस्ती जोडली.

थट्टा होती, पण खोटी नव्हती. मिस्त्रींची कंपनी परक्या मालकांनी विकत घेतली होती. यापुढे लिफ्ट बिघडली की दूरच्या कुठल्याशा केंद्राला फोन करायचा, बिघाड इंग्रजीत सांगायचा, आणि तिकडून आज्ञा झाल्याखेरीज पान्याला हात लावायचा नाही. त्यासाठी सगळ्या कारागिरांची फोनवर दहा मिनिटांची परीक्षा होणार होती. उत्तीर्ण होईल तो मुख्य मिस्त्री, अनुत्तीर्ण होईल त्याने इमारतीच्या दाराशी स्टुलावर बसून निवृत्तीपर्यंत इतरांसाठी बटणे दाबायची. दाराला कान लावून कुठली चकती झिजली ते सांगणारा हा माणूस. त्याला स्टुलावर बसवणे म्हणजे गवयाला चपला राखायला बसवणे. परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होती.

"तुम्हाला सगळं कळतं, लिहिताही येतं," नात म्हणाली. "मग अडतं कुठे?"

मिस्त्रींनी भिंतीकडे बोट दाखवले. तिथे आमच्या ह्यांचा फोटो आहे.

"मॅडम, मी सरांचा विद्यार्थी. ह्याच सरांचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, इतके दिवस बोललो नाही. लाज वाटत होती. पूर्वपरीक्षेत इंग्रजीत एकतीस मिळाले. पस्तीसला पास. जो नापास, त्याला शाळेने मुख्य परीक्षेला बसू दिलं नाही. बापाने दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला चिकटवलं."

"अहो, पण त्याला आता किती वर्षं झाली!"

"एक्केचाळीस. आणि काकू, मला अहो-जाहो नका करू." त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून प्लास्टिकचे पाकीट काढले. "सरांनी पेपरावर शेरा लिहिला होता. तो मी जपून ठेवलाय. सर द्रष्टे होते. त्यांनी सांगितलं तसंच झालं बघा."

नातीने पिवळा पडलेला कागद उलगडला आणि लाल पेन्सिलीतला शेरा मोठ्याने वाचला : "'इंग्रजी तुझ्या वाट्याची नाही. हातोडी धर.' ई! आजोबा असं लिहायचे?"

मी म्हणाले, "चहा टाकायला हवा," आणि आत गेले. तीन महिन्यांत चहा टाकण्याचे काम मी स्वतःहून कधी केले नव्हते. पण त्या वेळी त्या खोलीत उभे राहणे मला शक्य नव्हते. नातीच्या हातातल्या कागदावरचा 'धर'मधला 'ध' मला दिसला होता. 'ध'ला तशी गाठ जगात एकच व्यक्ती मारते, आणि ती व्यक्ती मी आहे.

आजवर हे कुणाला सांगितले नाही. आमच्या ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा शस्त्रक्रियेला अवकाश होता आणि शाळेला कळले असते तर नोकरी गेली असती. वर्गात ते पाठांतरावर निभावून नेत, पण पेपर काही पाठांतरावर तपासता येत नाहीत. ते मी तपासले. दुपारी दार लावून, दोन तुकड्यांचे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरांशी माझी ओळख होती, अर्थाशी नव्हती. ह्यांनी एकेक अक्षर सांगून माझ्याकडून उत्तरांचा नमुना लिहवून घेतला होता. भरतकामाचा दोरा नमुन्याशी जुळवून पाहावा तशी मी अक्षराला अक्षर लावून पाही. जुळले की बरोबर, न जुळले की फुली. शेरे मात्र माझे स्वतःचे असत, आणि ते खुमासदार असतात अशी माझी समजूत होती. ह्यांना मी ते कधी वाचून दाखवले नाहीत.

वर्ग सुटल्यावर पाकीट टेबलावरच राहिले होते. मी चष्मा लावला. तिसरा प्रश्न होता : खालील क्रियांसाठी इंग्रजी शब्द लिहा. दिवा विझवण्यासाठी पोराने लिहिले होते 'पुट आउट'. पुढे ढकलण्यासाठी 'पुट ऑफ'. सोडून देण्यासाठी 'गिव्ह अप'. चालू ठेवण्यासाठी 'कॅरी ऑन'. चारांवरही माझी ठसठशीत फुली. आमच्या नमुन्यात एकेक भारदस्त शब्द होता, आणि तो ह्याच्या कागदावर नव्हता. एकतीस आणि चार पस्तीस होतात, हे समजायला सातवीचे शिक्षण पुरते.

पुढल्या वर्गाला मी पाकीट त्याला परत दिले आणि सहज विचारावे तसे विचारले, "काय रे मिस्त्री, शाळेत असताना हे असलं इंग्रजी तू कुठून शिकलास?"

"थिएटरच्या मशीनच्या खोलीत, काकू. ऑपरेटर ओळखीचा होता. मी रिळं गुंडाळायचो, पिक्चर ऐकायचो. पडद्यावर कुणी बंदूक टाकली की 'गिव्ह अप', आग लागली की 'पुट आउट'. कानावर पडायचं, तसंच तोंडात यायचं. तेव्हा बोलायचोही. मग सरांनी डोळे उघडले."

म्हणजे नात ज्याचे शुल्क घेऊन तीन महिने शिकवत होती, ते ह्या माणसाला सोळाव्या वर्षीच येत होते, संदर्भासहित. मी ते एका फुलीने घालवले, आणि ज्याच्यासाठी लाल पेन्सिल धरली त्या माणसाचे तर डोळेच मिटलेले होते.

मी वळसा घालून पाहिला. "सरांकडूनही एखादी चूक होऊ शकते," असे म्हणाले. मिस्त्रीने कानाला हात लावला. "काकू, देव चुकेल, सर नाही चुकणार." आपण ज्याला आयुष्यभर देव्हाऱ्यात बसवले, त्याला आपणच खाली कसे उतरवावे? आणि त्याला उतरवले तर पाठोपाठ मलाही उतरावे लागणार होते. मी ताकास तूर लागू दिली नाही.

मंगळवारी नातीने सराव परीक्षा घेतली. मिस्त्रीला आतल्या खोलीत फोन घेऊन बसवले, ती बाहेर बसली. तिने इंग्रजीत विचारले की लिफ्टला काय झाले आहे. पलीकडून श्वास तेवढा ऐकू आला. तीनदा विचारले, तीनदा श्वास.

"मिस्त्री, शब्द अडतोय का?" तिने दारातून विचारले.

"शब्द तयार असतो, मॅडम. तोंडाशी आला की ती लाल पेन्सिल दिसते."

त्या रात्री नात जेवली नाही. तिच्या बापाने विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "परवा परीक्षा आहे, आणि आजोबा आडवे आलेत." माझ्या मुलाने नेहमीप्रमाणे ताटात मान घातली.

बुधवारी दुपारी मी मिस्त्रीच्या कामाच्या इमारतीत गेले. मी कुणाच्या दारी स्वतः जात नाही, लोक माझ्याकडे येतात. आणि लिफ्टमध्ये तर मी जन्मात पाय ठेवला नव्हता. दोरीला टांगून घ्यायला मी काही धुतलेला कपडा नव्हे. मिस्त्री पाचव्या मजल्यावर होता. मी पायऱ्या चढून गेले. तो यंत्रखोलीच्या दाराशी डबा उघडून बसला होता, तो गडबडून उठला.

"काकू! तुम्ही? इथे?"

"ही पेटी आता चालू आहे?"

"दुपारभर बंद ठेवलीय. तेल घालायचंय. का?"

"मला आत घाल, दोन मजल्यांच्या मध्ये थांबव, आणि मग इंग्रजीतून बाहेर काढ. उद्याची तयारी."

"काकू, हे नियमात बसत नाही."

"शहात्तर वर्षांची बाई कुठल्याच नियमात बसत नाही. आत फोन आहे ना?"

"आहे. थेट इथे वाजतो. पण तुमच्या तब्येतीला काही झालं तर? सर मला माफ करतील का?"

"सरांचं मी बघते. दार उघड."

पन्नासेक वर्षे घरातली माणसे धाकात ठेवली की आवाजात एक किल्ली बसते. त्याने मला आत उभे केले, एक स्टूल दिले, दार लावले. पेटी खाली निघाली आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये हिसका देऊन थांबली. समोर दाराच्या फटीतून नुसती सिमेंटची भिंत दिसत होती. वर कुठेतरी लोखंड हळूच कण्हले. मी फोन उचलला.

"बोल," मी म्हणाले. "मी अडकले आहे. विचार मला, काय झालं ते."

श्वास.

"अरे बोल!"

"काकू, नाही होत. सरांनी लिहिलंय ना..."

"सरांनी नाही लिहिलं."

"काय?"

समोर भिंत होती, माणूस नव्हता, म्हणून जमले असेल. "सरांना तेव्हा दिसत नव्हतं. तुझा पेपर मी तपासला. मला इंग्रजी येत नव्हतं. नमुन्याशी जुळेना म्हणून मी चार फुल्या मारल्या. चारही उत्तरं बरोबर होती. तू पास होतास. आणि तो शेरा माझा. मला तेव्हा तो फार चतुर वाटला होता."

फोन बंद झाला.

आता ध्यानात आले की ज्याला मी नापास केले त्याच्याच हातात माझी दोरी होती, आणि हे सांगण्यासाठी मी स्वतःच्या पायांनी येऊन दोन मजल्यांच्या मध्ये बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याहून वेगळे नसावे. मी घड्याळ पाहिले. एक मिनिट. दोन. पंखा बंद होता. तिसऱ्या मिनिटाला मी दारावर हात आपटला. मी हाक मारली, पण मराठीत नाही. कशी कोण जाणे, तीन महिने भिंतीआडून ऐकलेली भाषा माझ्या तोंडून बाहेर पडली : "गेट मी आउट! प्लीज, गेट मी आउट!"

नातीची शिकवणी सोडली तर आमच्या घराण्यात बोलले गेलेले इंग्रजीचे हे पहिले वाक्य. ऐकायला सिमेंट होते.

चार मिनिटे झाली तेव्हा फोन वाजला. मिस्त्री ओरडत होता. इंग्रजीत.

"यू पुट मी डाऊन! आय गेव्ह अप! फॉर्टी वन इयर्स आय गेव्ह अप! आय वाँटेड टु कॅरी ऑन, अँड यू क्रॉस्ड मी आउट! नाऊ सिट डाऊन. डोंट टच द डोअर. काम डाऊन, होल्ड ऑन, अँड आय विल गेट यू आउट!"

राग त्याच्या जिभेला असे काही वळण देत होता की एकही शब्द शोधावा लागला नाही. मला खाली पाडलेत, मी सोडून दिले, मला पुढे जायचे होते, तुम्ही मला खोडून टाकलेत. मला सगळे कळले. जोडक्रियांचा अभ्यास व्हावा तो असा. ज्याच्या पाठीवर पडतात त्यालाच पुऱ्या कळतात. मी स्टुलावर बसले, दाराला हात लावला नाही, आणि माझ्या उत्तम इंग्रजीत म्हणाले, "यस."

पेटी हळूच खाली आली. दार उघडले. तो जिना उतरून तिथे पोहोचला होता. त्याचे डोळे लाल होते.

"इतका वेळ का लावलास?" मी विचारले.

"चार गुण होते ना, काकू."

त्याने मला हात धरून जिन्याने खाली पोहोचवले.

गुरुवारी परीक्षा झाली. शनिवारी मिस्त्री वर्गात आला तेव्हा टॅक्सीवाल्याने विचारले, "काय, स्टूल की पाना?"

"पाना," तो म्हणाला. "दहा मिनिटांची परीक्षा होती. मी पंधरा मिनिटं बोललो. शेवटी तेच 'हँग अप' करतो म्हणाले."

नात नाचायची तेवढी राहिली. नर्सने टाळ्या पिटल्या. माझा मुलगासुद्धा आतून बाहेर आला. मिस्त्रीने पिशवीतून ते पाकीट काढले, पेपर टेबलावर माझ्यासमोर पसरला आणि म्हणाला, "तपासा."

"इथे?" मी विचारले.

"इथेच. सगळ्यांसमोर."

नात गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. लिफ्टमध्ये भिंत ऐकत होती. इथे नातीची, मुलाची आणि भिंतीवरच्या फोटोची अशा तीन पिढ्या ऐकायला होत्या. मी लाल पेन्सिल मागवली. "हा पेपर आजोबांनी तपासलेला नाही," मी म्हणाले. "त्यांना दिसत नव्हतं, आणि मला कळत नव्हतं. तो मी तपासला आणि चुकीचा तपासला." मुलाने तोंड उघडले, पण मी हाताने त्याला गप्प केले. त्याला गप्प राहण्याची सवय आहे, त्रास झाला नसावा.

"आजी, तू?" नात म्हणाली.

"मी. आता मध्ये बोलू नकोस. मोजण्यात चूक व्हायला नको."

मी चार फुल्या खोडल्या. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली, प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचून : पुट आउट, पुट ऑफ, गिव्ह अप, कॅरी ऑन. एकतीस खोडून पस्तीस लिहिले. शेऱ्यावर एक सरळ रेघ मारली. खाली ह्यांच्या नावाची सही एक्केचाळीस वर्षे होती, तीही खोडली आणि शेजारी माझी केली, पूर्ण नावाने.

मिस्त्रीने बेरीज स्वतः तपासली, बोट ठेवून, प्रश्नामागून प्रश्न. मग कागदाची घडी घातली. पण ती पाकिटात ठेवली नाही. माझ्या हातात दिली.

"आता हा तुमच्याकडे ठेवा, काकू," तो म्हणाला. "मला लागत नाही."